याडीची दीड किलोची गाडी

राजूरच्या खाणीत एखाद्या मुकादमानं उसासा टाकला, तर वणीत बसून याडी सांगू शकत असे की तो डाव्या नाकपुडीतून गेला की उजव्या. यात मी तिळभरही भर घातलेली नाही; घातलीच असेल तर दोन तिळांची. कोळशाचा ट्रक दुकानापुढं थरथरत उभा असायचा, क्लीनर वर बसून गाणं म्हणत असायचा, शेजारी माझ्या दुकानात टायरवर हातोडा पडत असायचा, आणि याडी एक डोळा मिटून चेसीला गाल लावायची. मग म्हणायची, "मांगचं डावं चाक. त्याच्या वरचा दुसरा जोड." साबणाच्या पाण्यात बुडवलेला दाढीचा ब्रश त्या जोडावर फिरवला की तिथंच गुलाबजामाएवढा फुगा यायचा. ड्रायव्हर तोंड उघडं टाकून बघत राहायचे. मी शेजारी नऊ वर्षं काढली, तरी माझंही तोंड दरवेळी उघडंच.

वणीतून चंद्रपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं पत्र्याचं दुकान होतं. काम एकच, ट्रकच्या हवेच्या ब्रेकचं. अंगात लुगडं, त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात चष्मा, पाना व सुपारी एकत्र. ती पुसदकडच्या एका तांड्यावरची. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. पण तिला बिहारचे ड्रायव्हर याडी म्हणायचे, पंजाबचे म्हणायचे, एकदा तर वाहतूक खात्याचा साहेब म्हणाला आणि मग स्वतःच दचकला. "आमच्या लोकायनं शंभर पिढ्या बैलावर मीठ आन् धान्य वाह्यलं," ती सांगायची. "बैलाले ब्रेक नसते. म्हणून तो अक्कल वापरते. ट्रकाले अक्कल नसते."

हवेच्या ब्रेकबद्दल जगाचा एक गैरसमज आहे, तो याडीनं माझ्या डोक्यातून पान्यानं काढला. मला वाटायचं, हवेचा जोर आला की चाक आवळतं. उभ्या गाडीच्या ब्रेकचं नेमकं उलटं असतं. आत एक दांडगी स्प्रिंग चाक आवळायला टपून बसलेली असते आणि हवा तिला मागं रेटून धरते. नळी फुटली, टाकी रिकामी झाली, की स्प्रिंग सुटते आणि गाडी जागच्या जागी गच्च. "हवा गेली का गाडी उभी राह्यली पायजे," हे याडीचं वेदवाक्य. तिनं ते दुकानाच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहून घेतलं होतं, आणि दुकानाचं नाव लिहायला जागाच उरली नव्हती.

आता आमच्या रस्त्यावर एक अवलाद अशी होती की जिला थांबणं परवडत नसे. त्या ब्रेकच्या मागं एक बोल्ट असतो. तो पान्यानं आवळला की स्प्रिंग आतल्या आत जेरबंद होते, मग हवा असो नसो, चाक मोकळं. याला म्हणतात ब्रेक बांधणं. गळकी गाडी खेप पुरी करून घरी न्यायची युक्ती. एकदा पंधरा ट्रकांचा मालक असलेला एक शेठ पान चघळत आला आणि म्हणाला, "याडी, आजच्या दिवस बांधून दे."

"माह्याकडे नाई होत."

"अवो, दोन मिनिटाचं काम हाये."

"तुमच्याजवळ दोर असन तर तुमीच बांधा, शेठ. पन मंग गाडीच्या मांगं तुमीच उभे राहा."

शेठ पुन्हा आला नाही. त्याचे पंधरा ट्रकही आले नाहीत. याडीला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. मला मात्र धक्का बसला, कारण त्या ट्रकांचे टायर माझ्याकडं यायचे.

दुकानापुढच्या खाटेवर याडीचे मालक बसत. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पूर्वीचे ट्रक ड्रायव्हर, मिशी अजून चौथ्या गिअरमध्ये, आणि उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मी पांढरकवड्याहून नवीन दुकान टाकलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी विचारलं, "उस्ताद, पाय?" ते म्हणाले, "वाघानं नेला." टिपेश्वरचं जंगल माझ्या गावाला लागून, त्यामुळे मी ते लगेच उचललं. उस्तादांनी दिला होता नुसता वाघ; त्याला शेपटी, मिशा, तीन बछडे आणि उस्तादांशी झालेली अर्ध्या तासाची कुस्ती मी जोडली. वर्षभरात गोष्ट इतकी वाढली की यवतमाळहून एक वार्ताहर फोटो काढायला आला. उस्तादांनी गंभीरपणे पायजमा वर करून दाखवला. याडी तेव्हा आत निघून गेली होती. मला वाटलं, तिला फोटोची लाज वाटते.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. उस्ताद काहीच चालवत नसत. हात शाबूत, नजर घारीची, पण स्टेअरिंग म्हणाल तर सायकलचंही धरत नव्हते. मागच्या आवारात त्यांचा एक जुना तीनचाकी मालवाहू टेम्पो उभा होता, त्यावर दोडक्याचा वेल चढलेला. तीनचाकीची रेस हातात, क्लच हातात, गिअर हातात. पायाला फक्त ब्रेक. तो तेवढा हातावर आणायचा. याडीला अर्ध्या दिवसाचं काम. मी एकदा बोलूनही गेलो. उस्ताद आभाळाकडं बघायला लागले आणि याडीनं माझ्या हातातला चहाचा कप, अर्धा भरलेला असताना, काढून घेतला.

मग पावसाळ्यात खाणीची वाहतूक थंडावली. उस्ताद मोबाइलवर काहीतरी बघत होते. पारदर्शक पेटीत बुटाच्या खोक्याएवढी दोन यंत्रं एकमेकांशी झुंजत होती. त्यातल्या एकाच्या नाकाडावर पत्र्याचं सूप होतं, आणि ते सूप फट्‌कन उडालं की समोरचं यंत्र कोलांटी खात पेटीच्या दुसऱ्या टोकाला. याडीनं ते चार वेळा बघितलं. चष्मा पुसून पाचव्यांदा बघितलं.

"ह्याच्यात तं आपलाच वाल्व हाये," ती म्हणाली.

"मंग?" उस्ताद.

"मंग काई नाई. तुमी चालवसान का?"

उस्ताद गप्प. किती वेळ, ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा पुन्हा फुगवून सांगतो; पण बाजूच्या हॉटेलात भज्यांचा एक घाणा तळून निघाला. मग ते म्हणाले, "बनव."

अठ्ठावन्न वर्षांची बाई, नातवंडांच्या वयाची खेळणी, आणि तीही मारामारीची. अख्ख्या रस्त्याला झटका बसला. याडीनं गुरांना टोचायची जुनी पितळी पिचकारी आणली, तिचं झालं सिलिंडर. हवेची टाकी पेनाच्या डबीएवढी. ती स्वतः झाळली, पाण्याच्या बादलीत बुडवून, भोवती वाळूची पोती रचून, दुप्पट हवा भरून तपासली. तेवढा वेळ आम्हाला सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडं उभं केलं. चाकं बॅटरीवर फिरणार, धक्का हवेचा. चाकांचं रबर माझ्या दुकानातल्या ट्यूबचं, ही माझी यंत्रशास्त्राला देणगी. वजनाची मर्यादा दीड किलो, आणि आमचं यंत्र भरलं चाळीस ग्रॅम जास्त. याडीनं त्याला भोकं पाडायला सुरुवात केली. पाडता पाडता त्याची शेव पाडायची चाळणी झाली, तरी चार ग्रॅम उरले.

"माहा पाय काढला तवा एका झटक्यात वजन उतरलं होतं," उस्ताद खाटेवरून म्हणाले. "डॉक्टरले इचार."

एरवी अशा विनोदावर हसणारी याडी खाली मान घालून कानस चालवत राहिली.

यंत्राचं नाव ठेवलं गोऱ्हा. पहिल्या चाचणीला मी माझी चप्पल पुढं ठेवली. फट्‌. चप्पल पत्र्याला लागून जी बाहेर गेली ती आजतागायत सापडली नाही. माझा संशय आहे की ती तेलंगणात उतरली. उस्तादांच्या हातात रिमोट होता. गोऱ्हा खाटेखालून निघाला, बादलीला वळसा घालून, दोन पान्यांच्या मधून सूतभरही न घासता मागं आला. रिव्हर्समध्ये. त्या माणसाचे डोळे मी पाहिले आणि मला उगाचच टायर मोजायचं काम आठवलं.

बारा धक्के झाले आणि गोऱ्हा गच्च उभा राहिला. बॅटरी भरलेली, पण चाक हलेना. मी पालथा करून बघितलं. आत चाकाशेजारी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग आणि तिच्यासमोर हवेचा इवलासा दट्ट्या. मी कपाळाला हात लावला.

"याडी, खेळन्याले ब्रेक कायले लावला?"

"हवेवर चालनारी चीज हाये. हवा गेली का उभी राह्यली पायजे."

"अगं, पन लढाईत दहा आकडे मोजेलोक हललं नाई तं हार असते."

"मंग बारा धक्क्यात जिंका."

साऱ्या जगात झुंजीच्या यंत्राला असा ब्रेक लावणारी ती एकटीच असणार. मी शपथेवर सांगतो, आणि माझी शपथ कशी असते हे वणीला ठाऊक आहे, तरीही सांगतो.

स्पर्धा यवतमाळला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रिकाम्या शेडमध्ये. नागपूर-अमरावतीची इंजिनिअरिंगची पोरं, काळे टी-शर्ट, डोळ्यांवर संरक्षक चष्मे. आम्ही तिघं जीपमधून उतरलो: लुगड्यावर शर्ट घातलेली याडी, कुबडीवर उस्ताद, आणि हातात पायपंप घेतलेला मी. नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "आजी, स्पर्धक कुठंय?"

"हा काय," याडीनं उस्तादांकडं बोट केलं. "जरा वाढेल हाये, पन नवीन हाये."

पहिली कुस्ती तीन धक्क्यांत. समोर गरगरणाऱ्या पात्याचं यंत्र होतं. उस्तादांनी त्याला पात्यासकट भिंतीवर असं टाकलं, की त्या पोरांनी आधी यंत्राकडं पाहिलं, मग उस्तादांच्या पायाकडं, मग एकमेकांकडं. दुसरी पाच धक्क्यांत. मधल्या वेळात मी पायपंपानं टाकी भरायचो. तिसरीत मात्र जीव गळ्याशी आला. बारावा धक्का देऊन गोऱ्हा गच्च झाला. नशीब, की समोरचं यंत्र आधीच पाठीवर पडून पाय झाडत होतं.

आता अंतिम कुस्ती. समोर नागपूरचं यंत्र, घोरपडीसारखं चपटं, उलटं पडलं तरी स्वतःच सरळ होणारं. उस्तादांनी त्याच्या सगळ्या कुस्त्या पाहिल्या होत्या. शर्ट घामानं भिजला होता. अकरा वर्षांनी तो माणूस कशाच्या तरी ड्रायव्हर सीटवर बसला होता, आणि तिथून उठायची त्यांची तयारी नव्हती. याडी पाणी भरायला बाहेर गेली तसे ते माझ्या कानाशी आले.

"ओ टायर. हे बारा धक्क्यात नाई होत. बांध."

"काय?"

"तार घे आन् स्प्रिंग बांध. चाकं मोकळे राह्यले तं हवेबिगर नुसतं ढकलून कोपऱ्यात दाबतो त्याले."

"याडीले काय सांगू?"

"तिले कायले सांगतं? घरी गेल्यावर सोडू."

मी बांधली. पक्कड माझ्या हातात, तार माझ्या खिशात, दोष कुणावर टाकू? दोन पिळे दिले आणि झाकण लावलं. मला वाटलं, दीड किलोचं खेळणं, त्याला कसली आली तत्त्वं.

कुस्ती सुरू झाली. याडी माझ्या शेजारी उभी राहून बोटाच्या पेरांवर धक्के मोजत होती. घोरपड उडायची, पडायची, फिरून सरळ व्हायची. आठ. नऊ. शेडमधली सगळी पोरं आता आमच्या बाजूची झाली होती, "गोऱ्हा, गोऱ्हा" असा गजर चालला होता. अकरा. बाराव्या धक्क्याला सूप अर्धंच उठलं, नुसता फुस्स आवाज झाला. याडीनं मूठ मिटली. तिच्या लेखी खेळ संपला होता.

आणि गोऱ्हा चालतच राहिला. उस्तादांनी त्याला मागं घेतलं, तिरका वळवला आणि घोरपडीच्या बगलेत घालून तिला कोपऱ्याकडं रेटायला लागले. लोक बाकांवर चढले. पंच वाकून दहा मोजायच्या तयारीत. आम्ही जिंकत होतो.

याडीनं आधी गोऱ्ह्याकडं पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडं. तारेनं तिथं चरा पडला होता. ती गर्दीतून वाट काढत सरळ पंचापाशी गेली आणि हात वर केला.

"थांबवा. आमची गाडी बाद करा."

पंच गांगरला. "काकू, तुम्ही जिंकताय."

"हवा संपली हाये आन् गाडी चालून राह्यली. बाद करा."

"पण आमच्या नियमांत असं काही नाही."

"तुमच्यात नसन. माह्यात हाये."

उस्तादांनी अंगठा उचलला. गोऱ्हा थांबला. घोरपडीच्या मालकांना आपण जिंकलो हे कळायलाच वेळ लागला, आणि कळल्यावरही त्यांना टाळ्या वाजवाव्या की नाही ते समजेना.

बाहेर एका बंद कारखान्याच्या पायरीवर आम्ही बसलो. मी माफीची तयारी करत होतो, त्यात दोन-चार रंगतदार खोट्या गोष्टीही जुळवत होतो. याडीनं माझ्याकडं पाठ केली. उस्तादांना म्हणाली, "काय सांगून बांधून घेतलं याच्याकून?"

"घरी गेल्यावर सोडू म्हटलं."

"तवा म्हने, सांजेले सोडू." मग ती माझ्याकडं वळली. "चंद्रपूरकडे कोयशाच्या रेल्वे सायडिंगले ह्यायची गाडी होती. गळत होती. मले म्हने, एवढी खेप मारतो, बांधून दे. चढावर गाडी उभी करून ताडपत्री बांधाले उतरले. गाडी मांगं आली."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "कोनं बांधला होता?"

तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. काळ्या भेगांचे, त्या रस्त्यावरचे सगळ्यात भरवशाचे हात. "ह्यायनं."

"मीच म्हटलं होतं बांध म्हनून," उस्ताद घाईघाईनं म्हणाले. "दहादा म्हटलं, तवा बांधला तिनं."

"म्हननाऱ्याचा पाय गेला," याडी म्हणाली. "बांधनारीचं काय गेलं?"

मला तेव्हा उमगलं की नऊ वर्षं मी ज्या वाघाला पोसत होतो, तो उस्तादांनी माझ्या हाती मुद्दाम दिला होता. वाघ म्हटला की कुणी पुढं विचारत नाही. ब्रेक कुणी बांधला, हे तर नाहीच नाही. माझ्यासारखा वाचाळ त्यांनी हेरून राखणीला बसवला होता, आणि मी माझ्या कल्पनाशक्तीवर खूश होतो.

तीन आठवडे याडी माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी तिनं गोऱ्हा आणि पक्कड माझ्या टेबलावर ठेवली. "ज्यानं बांधलं त्यानंच सोडावं." मी तार सोडली. स्प्रिंग टक्‌कन चाकावर बसली. तिनं चाक फिरवून बघितलं, हललं नाही, आणि तिनं माझ्यासाठी चहा मागवला. पूर्ण कप.

त्याच आठवड्यात मागच्या आवारातून कोयत्याचा आवाज यायला लागला. जाऊन पाहतो तर उस्ताद कुबडी टेकून टेम्पोवरचा दोडक्याचा वेल तोडत होते. याडी दारात उभी.

"बरेक हातावर पायजे," ते तिच्याकडं न बघता म्हणाले.

"दुसऱ्या कोनाकून लावून घ्या. वनीत लय मिस्त्री हायेत."

"मिस्त्री लय हायेत. तूच लाव."

याडी किती वेळ तशीच उभी होती, ते मी या खेपेला सांगणार नाही. मग तिनं खिशातला पाना काढला. अर्ध्या दिवसाचं काम तिनं नऊ दिवस केलं. प्रत्येक नट चारदा खोलला, चारदा आवळला. शेवटच्या दिवशी टेम्पो चढावर उभा केला, त्यात माझे ट्रकचे टायर रचले, आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. मी ओरडलो, हात धरून ओढलं, पण ती हलली नाही. उस्तादांनी हातातला ब्रेक आवळून धरला होता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. टेम्पो जागचा सरकला नाही.

दुकान विकून ते तिच्या तांड्यावर राहायला गेले त्याला आता वर्ष होईल. निघताना टेम्पोत संसार भरलेला होता. उस्ताद हँडलवर, याडी शेजारी.

"टायरवाले भाऊ," ती म्हणाली, "ज्याच्या गाडीची हवा गळते त्याले उभा कर. मंगच टायर लाव."

"गिऱ्हाईक जाईन ना, याडी."

"जाऊ दे. पायानं चालत जाईन."

टेम्पो निघाला. मी रस्त्यावर उभा राहून बघत होतो. पुढं नाक्याजवळ उतार आहे, आणि तिथं कोळशाचे ट्रक आडवे येतात. टेम्पोचा वेग वाढला. याडी मागं वळली नाही, खाली ब्रेककडंही बघितलं नाही. ती सुपारी कातरत होती. उतारावर मागचा लाल दिवा लागला, आणि टेम्पो हळू झाला.